फरशीच्या पाठीवर

दुपारचे अडीच वाजले की मिस्त्री फिरायला निघत. पाय दोन वर्षांपासून संपावर गेलेले, उठून बसायचं म्हटलं तरी दोन माणसं लागत. पण निघायची तयारी मात्र अगदी साग्रसंगीत असायची. आधी घोटभर पाणी. मग चष्मा काढून खिडकीत ठेवायचा, पांघरूण छातीपर्यंत ओढून घ्यायचं आणि डोळे मिटायचे. "चला," असं कुणाला तरी म्हणायचे आणि निघायचे. जायचे ते स्वतः बसवलेल्या फरश्यांवरून. सत्तेचाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत फरशी घातली होती, तेव्हा रस्ता चांगलाच लांबचा होता.

"शाळेचा व्हरांडा आला," ते मिटल्या डोळ्यांनी सांगत. "तिसरी फरशी दबलीय. माझी चूक नाही हां, कपाट ओढत नेलंय मेल्यांनी." व्हरांडा संपला की शिंप्याचं स्वयंपाकघर लागे. खऱ्या शहरात या दोन जागांच्या मध्ये एक नदी होती आणि दोन बस बदलाव्या लागत. मिस्त्रींच्या दुपारी मात्र व्हरांड्यातून पाऊल उचललं की ते थेट शिंप्याच्या ओट्यापाशी पडायचं, तिथून दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत, तिथून कुणा बाईंच्या न्हाणीघरात ("बाई नाहीत घरात, चला पटकन"). सगळीकडे ऊन कललेलं, फरशी नुकतीच पुसून वाळत आलेली. प्रत्येक खोलीच्या दारात ते थांबत. ओठ हलत. मग पुढची खोली.

शेजारच्या खुर्चीत त्यांची लेक चहा घेऊन बसलेली असे. तीही फरशीच बसवायची, आणि लोक तिला फरशीवाली म्हणूनच ओळखत. पंचेचाळीस ओलांडलेली, गुडघे बोलायला लागलेले, नखांत सिमेंट. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या वाटेनं निघून गेला होता, भांडण न करता, तिनंही थांबवलं नव्हतं. आता घरात ती, तिचे बाबा आणि तिची बावीस वर्षांची मुलगी. मुलगी प्रत्येक गोष्टीत मुद्दा काढते म्हणून तिला दोघंही 'वकील' म्हणत; प्रत्यक्षात ती आपल्या खोलीचं दार लावून, कानाला हेडफोन अडकवून, कुठल्याशा कंपनीसाठी लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम करी.

सकाळची कामं लवकर आटपून फरशीवाली हल्ली या वेळेला घरी यायची. बाबांबरोबर त्या खोल्यांतून फिरायला तिला आवडायला लागलं होतं. निम्म्या जागा पाडूनही झाल्या होत्या, पण बाबा सांगायला लागले की पायाखाली गार लागायचं. फक्त दारं आली आणि बाबांचे ओठ हलायला लागले, की तिचं चित्त थाऱ्यावर राहत नसे.

त्याला कारण होतं. या घराण्यात एक रीत होती. खोलीतली शेवटची फरशी दारात बसवायची. ती आधी उपडी करायची आणि तिच्या पाठीवर, बरोबर मधोमध, त्या घरात राहणाऱ्यांसाठी देवाकडे एक मागणं लिहायचं. एकच ओळ. माल चारी कडांना लावायचा आणि मधली तळहाताएवढी जागा कोरडी सोडायची, म्हणजे सिमेंट अक्षरं खात नाही. मग फरशी उलटून बसवायची, ठोकायची, हात धुवायचे. घरमालकाला सांगायचं नाही. सांगितलं की त्याचे उपकार होतात, असं मिस्त्रींचं म्हणणं.

आता ज्याला या धंद्यातलं थोडंफार कळतं तो म्हणेल, हा शुद्ध वेडेपणा आहे. दारातली फरशी, जिच्यावर घरातलं प्रत्येक पाऊल पडणार, तीच मधून पोकळ ठेवायची? फुटली तर पहिली तीच फुटणार. पण मिस्त्रींची एकही फुटली नव्हती. तोच त्यांचा देवाबद्दलचा पुरावा. "शब्दावर उभी आहे ती," ते म्हणायचे. कुणी त्यांच्या हाताची तारीफ केली की ते एक बोट वर दाखवायचे. लेकीच्या कामाची तारीफ केली तरी बोट वरच. सांधे असे जुळवलेले की नखसुद्धा अडकू नये, आणि बाप बघून म्हणणार काय, तर "त्याची कृपा." त्या बोटाचा तिला फार राग यायचा. स्वतःची कामं घ्यायला लागल्यापासूनच्या तेवीस वर्षांत एकदा तरी ते बोट आपल्याकडे वळावं, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती.

आणि त्या तेवीस वर्षांत तिनं एकाही फरशीच्या पाठीवर एक अक्षर लिहिलं नव्हतं.

पहिलं स्वतंत्र काम एका निवृत्त टपालवाल्याची खोली. शेवटची फरशी मांडीवर उपडी घेऊन ती पेन्सिल धरून बसली. 'देवा' एवढं मनात आलं आणि पुढे काही येईना. देवाशी तिचं भांडण नव्हतं. तो तिला कधी भेटलाच नव्हता, इतकंच. तिचा स्वभाव असा की रेष सूतभर सरकली तरी अख्खी ओळ उखडायची. लहानपणी बाबा तिला 'ओळंबा' म्हणायचे, सोडला की सरळ खाली. जे मनात नाही ते लिहायचं कसं? तिनं मधली जागा कोरडी सोडली, कोरीही सोडली, आणि फरशी बसवून टाकली. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "लिहिलंस?" ती म्हणाली, "हो." कमाल बघा, दगडाशी खोटं बोलवेना, बापाशी मात्र बिनदिक्कत बोलून मोकळी झाली. पुढे तो प्रश्न आणि ते उत्तर दर कामाच्या शेवटी ठरून गेलं. जागा मात्र ती दर वेळी सोडत राहिली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग गेल्या महिन्यात एक जुना दवाखाना नव्यानं करायचं काम तिच्याकडे आलं. आधीची फरशी काढायची होती, आणि ती होती मिस्त्रींची. चाळीस वर्षांपूर्वीची, काळसर हिरवी, पेशंटांच्या पायांनी मधोमध पुसट झालेली. रिकाम्या इमारतीत ती एकटीच होती. खिडक्यांच्या काचांना आतून कागद लावलेले होते, त्यामुळे सगळा उजेड दुधाळ होता. तिनं तपासणीच्या खोलीच्या दारातली फरशी ठोकून पाहिली. मध्ये पोकळ वाजली. बाबांचं अक्षर तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं. छिन्नीनं कडा सुट्या केल्या, फरशी अलगद उचलली, उपडी केली, फुंकर मारली.

काही नव्हतं. तळहाताएवढी स्वच्छ जागा, आणि काही नव्हतं.

तिनं दुसऱ्या दारातली काढली. तिसऱ्या. औषधांच्या कोठीची. चारही कोऱ्या. ती तिथेच भिंतीला टेकून बसली आणि तिला हसू यायला लागलं. असं हसू की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे म्हाताऱ्यानंही! वर बोट दाखवणाऱ्यानं! तेवीस वर्षांचा दगड उरावरून उतरला. त्या दुधाळ उजेडात तिला एकदम इतकं हलकं वाटलं की दुपारचे अडीच कधी वाजतात आणि घरी जाऊन बाबांची फिरकी घेते, असं झालं.

"दवाखान्याची फरशी काढली आज," खुर्चीत बसत ती म्हणाली. बाबांनी नुकताच चष्मा खिडकीत ठेवला होता.

"अरेरे," ते म्हणाले. "चांगली होती. सुटली सहज?"

"कुठली! घाम काढला. आणि बाबा, दारातल्या चारही उलट्या करून बघितल्या मी." ती हसत होती. "कोऱ्या करकरीत. काय मिस्त्री, काय म्हणणं आहे आपलं?"

मिस्त्री ओशाळतील असं तिला वाटलं होतं. ते नुसते छताकडे बघत राहिले.

"कोऱ्याच असणार," ते म्हणाले. "मला कुठे लिहिता येतं?"

तिचं हसू ओठांवरच राहिलं. आणि मग एकामागोमाग एक सगळं तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. चष्मा सापडत नाहीये, तूच बघ काय लिहिलंय. वाच मोठ्यानं, तुझा उच्चार ऐकू दे. वर्तमानपत्र हातात धरून तासभर बसणारे बाबा आणि आई चहा देताना सहज सांगायची ती बातमी. आकडे यायचे त्यांना, मापं यायची, आणि एक सही, जी ते प्रत्येक वेळी सावकाश, चित्र काढावं तशी काढायचे. एवढ्या सरळ डोळ्यांची ती, सूतभर फरक दिसायचा तिला, आणि हे दिसलं नव्हतं.

"मी बघितलंय तुम्हाला," ती म्हणाली. "फरशीवर वाकून बसायचात. पेन्सिल घेऊन."

"पेन्सिल कानावर असायची. मी तोंड जवळ नेऊन म्हणायचो. माझे वडीलही तसंच करायचे. ते मला सांगायचे, लिहायचं असतं, आपल्याला येत नाही म्हणून म्हणायचं. म्हटलेलं उडून जातं. चिकटतं थोडं, बाकीचं उडतं." मिस्त्रींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. लाज अशी नव्हतीच त्यांच्या चेहऱ्यावर. जुनं कुलूप उघडल्यावर माणूस जसा सैल होतो तसे ते सैल झाले होते. "म्हणून तर तुला शाळेत घातलं. सगळे म्हणाले, फरशीच बसवायचीय तर शाळा कशाला? म्हटलं, आमच्या घराण्यातलं पहिलं लिहिलेलं तिच्या हातचं असणार. इतकी वर्षं फार वाटायचं विचारावं, काय लिहिलंस ते सांग. पण तू म्हणाली असतीस, येऊन वाचा ना बाबा. मग काय केलं असतं मी?"

फरशीवालीनं चहाचा कप खाली ठेवला.

"आता तर कळलंच तुला," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. "आज माझ्या नको, तुझ्या घरांतून जाऊ. मी दारात थांबतो. तू वाचून दाखव. चल, पहिलं कुठलं? टपालवाल्याचं ना?"

खरं सांगायची वेळ तीच होती. ती वेळ तिनं घालवली. समोर मिटलेले डोळे आणि त्या चेहऱ्यावरची उत्सुकता बघून कोणाची जीभ रेटली असती? ती म्हणाली, "हो. टपालवाल्याचं." आणि मग तिला त्या माणसाचा चेहरा आठवला. रिकाम्या खोलीत एक खुर्ची टाकून बसलेला, ती काम करत असताना दिवसभर बोलत राहिलेला. ती सावकाश म्हणाली, "हा जन्मभर दुसऱ्यांच्या दारात गेला. आता याच्या दारात रोज कुणीतरी येवो."

मिस्त्रींनी ते वाक्य ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "असं लिहिलंस? मला नसतं सुचलं." आणि पुढे निघाले.

अशा नऊ दुपारी गेल्या. त्या नऊ दुपारींसारखं काही तिच्या आयुष्यात आधी झालं नव्हतं. बाबा डोळे मिटत, तीही मिटे. एकेक घर समोर येई, आणि ती दारात उभी राहून तिथल्या माणसाला आठवे. औषधं विकणारा एक होता, त्याला स्वतःला झोप यायची नाही: "याला झोप लागो, गोळीशिवाय." दोन बहिणी होत्या, त्यांनी घराच्या मधोमध भिंत घातली होती आणि दोन्ही अर्ध्यांत तिच्याकडून सारखीच फरशी बसवून घेतली होती: "भिंत राहिली तर राहो, एकीचा खोकला दुसरीला ऐकू जावो." एक बाई नव्या न्हाणीघरात जायला घाबरायची, निसरडं होईल म्हणून, एक माणूस फरशीचा रंग तीन वेळा बदलून शेवटी रडला होता. इतकी माणसं आपल्या लक्षात आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. घरं एकमेकांना लागून येत, उजेड एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सांडत जाई, आणि वाक्यं कुठून येत कोण जाणे. चहा निवून जाई. कधी कधी तिला खरंच वाटे, लिहिलंच होतं आपण हे, विसरलो होतो.

अलीकडच्या घरांशी येऊन मात्र ती अडखळली.

"इथे कोण राहतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा. हल्ली कोणी नसतंच घरी. दाराला आकड्यांचं कुलूप असतं, आकडा फोनवर पाठवतात. काम झालं की मी फोटो पाठवते. 'छान' म्हणून येतं."

"मग लिहिलंस काय?"

तिनं त्या खोलीत मनानं चक्कर मारली. एक गादी, एक दिवा, एकच कप. "जो कोणी असेल," ती म्हणाली, "त्याला इथे आल्यावर घरी आल्यासारखं वाटो."

वकिलाचं दार भिंतीपलीकडेच होतं, आणि हेडफोन काही चोवीस तास कानावर नसतात. नवव्या दिवशी तिनं आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, तू हे सगळं बनवून सांगतेयस ना? देवाचं नाव कधी तुझ्या तोंडी ऐकलं नाही मी."

फरशीवालीनं नळ बंद केला. "हळू बोल."

"लिहायला नको होतंच, ते बरोबर केलंस. घर त्यांचं. त्यांना न विचारता त्यांच्या पायाखाली देव ठेवायचा? माझ्या खोलीत कुणी असं केलं तर मी फरशी उखडून देईन हातात. ज्यानं त्यानं आपलं आपलं बघावं. पण आजोबांनाही खरं कळायचा हक्क आहे. त्यांना काय पेलतं ते तू कोण ठरवणार?"

"मोठी आलीस हक्कवाली. बाप माझा आहे."

"आणि तूच मला शिकवलंस की मनात नाही ते बोलायचं नाही," पोर म्हणाली आणि तरातरा निघून गेली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच फरशीवालीला जास्त राग आला.

दहाव्या दुपारी वकील बाबांच्या खोलीत काहीतरी घ्यायला आली. मिस्त्री भलतेच खुशीत होते. "ये, ये, बस," ते म्हणाले. "तुझ्या आईनं काय काय लिहून ठेवलंय, ऐक जरा. नुसता मुद्दा काढायला शिकलीस. अगं, सांग तिला ते टपालवाल्याचं. पहिलं."

पोर दारातच उभी राहिली. आईकडे बघत.

"टपालवाल्याचं ना," फरशीवाली म्हणाली. चेहरा शक्य तितका सहज ठेवून, घाईघाईनं म्हणाली, "यानं इतक्या दारांची घंटा वाजवली. याच्या घराची घंटाही वाजत राहो."

मिस्त्रींच्या कपाळावर एक आठी आली.

"तसं नव्हतं," ते म्हणाले. "'हा जन्मभर दुसऱ्यांच्या दारात गेला. आता याच्या दारात रोज कुणीतरी येवो.' असं होतं. औषधवाल्याचं होतं, 'याला झोप लागो, गोळीशिवाय.' बहिणींचं, 'भिंत राहिली तर राहो, एकीचा खोकला दुसरीला ऐकू जावो.'" आणि ते एकेक करून म्हणत गेले. नऊ दुपारींतलं प्रत्येक वाक्य, शब्द इकडचा तिकडे न होता. ज्याला लिहिता येत नाही तो माणूस विसरत नाही. त्याला विसरून चालतच नाही. शाळा शिकलेल्या लेकीच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

शेवटचं वाक्य म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. "लिहिलेलं बदलत नाही," ते म्हणाले. "म्हणून तर लिहायचं असतं ना?"

तिनं मुलीकडे पाहिलं नाही. बाबांच्या पांघरुणाच्या काठाकडे बघत ती म्हणाली, "मी लिहिलं नाही, बाबा. एकही नाही. पहिल्यापासून. जागा सोडायची, पण लिहिलं कधीच नाही. मला मागता आलं नाही. तो आहे असं मला कधी वाटलंच नाही, आणि तुम्ही विचारायचात तेव्हा मी हो म्हणायचे. या नऊ दिवसांतलं सगळं मी इथे बसून रचलं."

एवढं बोलायला तिला तेवीस वर्षं लागली होती आणि बोलून व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही. पोरीनं दाराची चौकट धरली होती. खरं सांगितल्यावर बरं वाटतं असं जे कोणी म्हणतात, त्यांनी त्या वेळी फरशीवालीकडे बघायला हवं होतं. आपण एका म्हाताऱ्या माणसाची जन्मभराची चालायची जमीन उचकटून ठेवली, असं तिला वाटलं, आणि ती परत बसवायची काही सोय नव्हती.

मिस्त्री छताकडे बघत होते. मग त्यांनी मिस्त्रीसारखाच प्रश्न विचारला.

"फुटली का एखादी?"

"काय?"

"दारातली. मधे पोकळ, आणि शब्दही नाही. फुटली कुठली?"

"नाही."

"उचलली? हलली?"

"नाही, बाबा. एकही नाही. कुणाचा कधी फोन आला नाही."

मिस्त्रींनी हात पांघरुणाबाहेर काढला आणि तिचा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. बोटांची पेरं दाबून पाहिली, अंगठ्याजवळचा घट्टा चाचपला. कामाला लावण्याआधी फरशी बघायचे तसा तो हात त्यांनी खिडकीच्या उजेडाकडे धरला.

"हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले.

तेवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच. बोट वर गेलं नाही. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण तरंगायला लागू. तसं काही झालं नाही. हे शब्द कुणाकडून तरी काढून आपल्याला दिलेत असं वाटून तिनं हात मागे ओढायचा प्रयत्न केला, पण मिस्त्रींनी सोडला नाही. ते अजून हिशेब लावत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उमटत चाललं होतं, आणि तिनं मनाची तयारी केली, आता रागावतील.

"म्हणजे इतकी वर्षं," ते म्हणाले, "त्या सगळ्या घरांत तू एकटीच होतीस?"

तिला आधी प्रश्नच समजला नाही.

"मला वाटायचं, ही जाते कामाला, तिच्याबरोबर तो असतो," मिस्त्री म्हणाले. "जड उचलताना असतो, शेवटची फरशी बसवताना असतो. म्हणून मी घरी निवांत असायचो. मी कधी एकट्यानं काम केलंच नाही गं. एक दिवससुद्धा नाही. आणि तू सगळं एकटीनं?"

काय सांगणार होती ती? एकटीनं केलं याचा तर तिला अभिमान होता. नवरा गेला तेव्हा ती हेच म्हणाली होती, माझं मी बघेन. मुलीला हेच शिकवलं होतं. पन्नास उत्तरं होती तिच्याजवळ, आणि बाबांच्या आवाजात आरोप असता तर तिनं ती सगळी दिली असती. पण तिथे आरोप नव्हता. शाळेतून पावसात भिजत आलेल्या पोरीला बघून जो आवाज निघतो तो होता.

"हो, बाबा," ती म्हणाली. "एकटीच."

मिस्त्रींनी तिच्या हातावरून हात फिरवला, मनगटापासून बोटांपर्यंत, पुन्हा मनगटापासून बोटांपर्यंत.

"दमली असशील," ते म्हणाले.

त्या दोन शब्दांनी फरशीवाली कोसळली. बाबांच्या उशाशी डोकं टेकून ती हुंदके देऊन रडली. वकिलानं मुद्दा काढला नाही. ती आत आली, आईच्या पाठीमागे जमिनीवर बसली आणि तिच्या पायाला हात लावून बसून राहिली. मिस्त्री डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते, दारात थांबल्यावर पुटपुटायचे तसंच. शब्द कळत नव्हते. टपालवाल्याची खोली एवढं मात्र ऐकू आलं, आणि मग औषधवाल्याची. रडता रडताच फरशीवालीला झोप लागली. पाच वाजता तिला एका ठिकाणी माप घ्यायला जायचं होतं. तिथे फोन करून कळवावं, पडदा ओढून घ्यावा, असं वकिलाच्या मनात आलं, पण आईच्या पायावरचा हात काढून उठायलाच नको वाटलं तिला, आणि ते माप राहूनच गेलं.